मळ्यावरील कॅमेरा व पंप दुरून पाहण्याची निर्धोक रीत

मळ्यावर भरंवशाचा राखणदार मिळणें आतां पूर्वीइतकें सोपें राहिलें नाहीं. शिवाय मुलांच्या शिक्षणासाठीं पुष्कळ बागाईतदारांचें एक बिऱ्हाड तालुक्याच्या गांवीं व दुसरें मळ्यावर असें झालें आहे. त्यामुळें विहिरीवर, गोठ्यांत व खळ्यावर कॅमेरे बसवून मळा मोबाईलवर पाहण्याची, व पंपहि घरूनच चालूबंद करण्याची चाल गेल्या कांहीं वर्षांत फार पसरली आहे. ही सोय मोठी आहे आणि तिच्याविरुद्ध माझें कांहींहि म्हणणें नाहीं. परंतु मळ्यांतील यंत्र आपणांस दुरून दिसावें म्हणून इंटरनेटवरून जी वाट करून दिली जाते, त्या वाटेनें आपल्याखेरीज आणखी कोण येऊं शकतो, हें विचारणारे फारच थोडे. मींहि विचारलें नव्हतें. त्याचा परिणाम काय झाला तें प्रथम सांगतों.

माझा मळा गांवापासून दोन कोसांवर आहे. सन २०१९ मध्यें तेथें चार कॅमेरे व त्यांचीं चित्रें सांठविणारा रेकॉर्डर बसविला. बसविणारा कारागीर हुषार व कामाचा चोख होता. जातांना त्यानें राउटरमध्यें कांहीं फेरफार केले, माझ्या मोबाईलवर चित्र आणून दाखविलें, आणि मी खूष झालों. रेकॉर्डरचा पासवर्ड कारखान्यांतून आला तोच राहिला. दोन वर्षें सर्व सुरळीत चाललें. मग एके दिवशीं सकाळीं पाहतों तों, चित्रांच्या कोपऱ्यांत जेथें 'विहीर', 'गोठा' अशीं नांवें घातलीं होतीं, तेथें चारहि चित्रांवर 'हॅक्ड' असा इंग्रजी शब्द उमटलेला. कोणी तरी परका मनुष्य आंत येऊन गेला होता व आपण येऊन गेल्याचें सांगूनहि गेला होता. न सांगतां येऊन गेलेले किती असतील, हें कळण्यास मार्ग नव्हता.

चोरीची भीति मला त्या वेळीं फारशी वाटली नाहीं. मनाला लागलें तें निराळेंच. विहिरीवरील कॅमेऱ्याच्या टप्प्यांत मोटारीच्या खोलीबरोबर पाण्याचा हौदहि येत असे. खुरपणीच्या दिवसांत कामावरील बायका दुपारीं त्या हौदावर हातपाय धुतात, केंस विंचरतात, लहान मुलांस न्हाऊं घालतात. कॅमेरा आहे हें त्यांस माहीत होतें. परंतु तो मळ्याचा राखणदार आहे या समजुतीनें त्या निर्धास्त होत्या. त्यांचा हा विश्वास मीं दोन वर्षें एका न बदललेल्या पासवर्डावर टांगून ठेविला होता. ही गोष्ट त्यांच्यापासून लपविणें मला बरें वाटेना, म्हणून टोळीच्या म्होरक्या बाईस बोलावून सर्व सांगितलें. ती थोडा वेळ गप्प राहिली व एवढेंच म्हणाली, "आण्णा, मग त्यो डोळा आमच्यावरनं फिरवा की."

डोळा त्याच दिवशीं फिरविला. परंतु त्यानंतर ही वाट मुळांत कशी असते याचा शोध मीं घेतला. त्यांतून जें कळलें व पुढें माझ्याकडे चार वर्षें ज्या रीतीनें काम चाललें आहे, तें येथें देतों.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास आंकड्यांचा एक पत्ता असतो. हे पत्ते ज्या जुन्या पद्धतीचे आहेत, त्या पद्धतींत एकंदर सुमारें ४२९ कोटीच पत्ते होऊं शकतात, आणि त्यांचा मध्यवर्ती सांठा २०११ च्या फेब्रुवारींतच वांटून संपला. म्हणून घरांतल्या यंत्रांस स्वतंत्र सार्वजनिक पत्ता न देतां खाजगी पत्ते दिलेले असतात, १९२.१६८ नें सुरू होणारे जे आंकडे आपण राउटरवर पाहतों ते हेच. जुन्या वाड्यांतील खोल्यांस जसे आंतल्या आंत क्रमांक असावे आणि टपाल मात्र सर्व वाड्याच्या एकाच नांवानें यावें, तसा हा प्रकार आहे. राउटर हा देवडीवरचा पहारेकरी होय. आंतील मनुष्य बाहेर गेला व त्याच्या मागोमाग त्याच्याच कामाचें उत्तर आलें, तर तो तें आंत घेतो. परंतु न बोलावतां कोणी आला तर त्यास परत फिरवितो. म्हणजे कांहींहि न केलें तर आपला रेकॉर्डर बाहेरून दिसत नाहीं, हें प्रथम लक्षांत ठेवावें.

आतां कारागीरानें माझ्याकडे काय केलें होतें? त्यानें पहारेकऱ्यास ताकीद दिली होती कीं, अमुक क्रमांकाच्या दारावर जो कोणी येईल त्यास विचारपूस न करतां सरळ रेकॉर्डरच्या खोलींत पोंचवावें. यास पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. माझ्या मोबाईलसाठीं दार उघडलें असें मला वाटत होतें. प्रत्यक्षांत तें साऱ्या जगासाठीं उघडलें होतें, व त्यापुढें अडसर म्हणून काय तो एक पासवर्ड होता.

"आमचा मळा कोणास ठाऊक? तेथें कोण कशास येतो?" असें पुष्कळजण म्हणतात. मीहि म्हणत असें. परंतु येणारा मनुष्य मळा शोधीत येत नाहीं. तो सगळींच दारें ठोठावीत जातो. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१३ सालीं झेडमॅप नांवाचें साधन तयार करून दाखविलें कीं, एका चांगल्या वेगाच्या जोडणीवरून जुन्या पद्धतीच्या साऱ्या पत्त्यांवरील एका क्रमांकाचें दार पाऊण तासाच्या आंत ठोठावून पाहतां येतें. तत्पूर्वीं २००९ पासूनच शोडान नांवाची शोधसेवा चालू आहे. तींत अशीं उघडीं यंत्रें देशवार व जातवार शोधतां येतात. तेव्हां दाराचा क्रमांक बदलून आडबाजूचा घेतला म्हणजे झालें, हा उपायहि लटका आहे. त्यानें चोरास कांहीं मिनिटें उशीर होईल इतकेंच.

सन २०१६ मध्यें मिराय नांवाच्या घातक प्रोग्रामनें ही गोष्ट साऱ्या जगाच्या अनुभवास आणून दिली. त्याच्याजवळ कारखान्यांतून येणाऱ्या ठराविक नांवांच्या व पासवर्डांच्या साठएक जोड्या होत्या, आणि एवढ्या शिदोरीवर त्यानें कॅमेरे, रेकॉर्डर व राउटर मिळून सुमारें सहा लाख यंत्रें एका वेळीं आपल्या ताब्यांत घेतलीं. मालकांस कांहींच कळलें नाहीं. चित्रें पूर्ववत् दिसत होतीं. त्या वर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं अशाच यंत्रांच्या झुंडीनें डिन या कंपनीवर हल्ला केला, तेव्हां अमेरिकेंत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा कित्येक तास अडखळल्या. मूळ रचना करणाऱ्या तिघां तरुणांनीं २०१७ च्या डिसेंबरांत तेथील न्यायालयांत गुन्हा कबूल केला. पण त्यांनीं तो प्रोग्राम आधींच उघड्यावर टाकला असल्यामुळें त्याची पिलावळ अद्याप हिंडत आहे. यंत्र बंद करून चालू केलें म्हणजे मिराय स्मृतींतून पुसला जाई, परंतु पासवर्ड तोच असल्यास थोड्याच वेळांत पुन्हां शिरे. तणाचा शेंडा खुडून मूळ ठेवावें तशांतला प्रकार.

पासवर्ड बदलला म्हणजे काम भागलें काय? नाहीं. पासवर्ड अवश्य बदलावा, लांब ठेवावा, आणि दुसरीकडे वापरलेला घेऊं नये; परंतु यंत्राच्या आंतील प्रोग्राममध्येंच दोष असेल तर पासवर्ड न विचारतांहि आंत जातां येतें. सन २०२१ च्या जूनमध्यें वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या 'माय बुक लाईव्ह' या घरगुती सांठवणयंत्रांतील माहिती जगभर अनेक लोकांच्या घरीं एकाएकीं पुसली गेली. त्या यंत्रांस २०१५ नंतर कंपनीकडून सुधारणा मिळालेली नव्हती, आणि मालकांनीं तीं बाहेरून पाहतां यावींत म्हणून जोडलेलीं ठेविलीं होतीं. आपल्याकडे स्वस्त रेकॉर्डर एकदां बसविला कीं मोडेपर्यंत त्यास कोणी सुधारणा घालीत नाहीं. अशा यंत्राचें तोंड जगाकडे असूं नये, हाच त्यावर खरा उपाय.

म्हणून माझें सांगणें एवढेंच आहे: यंत्र बाहेर आणून दाखवूं नये, आपणच कुलूपबंद वाटेनें आंत जावें.

ही कुलूपबंद वाट म्हणजे व्हीपीएन. वाड्याच्या भिंतींतून दोघांनाच ठाऊक असलेलें भुयार असावें, तशी ती आहे. मोबाईल त्या भुयारानें प्रथम मळ्याच्या जाळ्यांत शिरतो, आणि मग जणूं आपण मळ्यावरच बसलों आहों अशा रीतीनें कॅमेऱ्याच्या खाजगी पत्त्यावर जातो. या कामीं मला वायरगार्ड हें साधन सर्वांत साधें वाटलें. जेसन डोनेनफेल्ड यांनीं तें रचलें व २०२० च्या मार्चमध्यें तें लिनक्सच्या मूळ गाभ्यांत समाविष्ट झालें. त्यास मोल पडत नाहीं. त्याचा मोठा गुण असा कीं, ज्याच्याजवळ योग्य किल्ली नाहीं त्यास तें उत्तरच देत नाहीं. 'पासवर्ड चुकला' एवढेंहि सांगत नाहीं. दारें ठोठावीत हिंडणारास तेथें दार आहे हेंच समजत नाहीं.

त्याची मांडणी अशी. मळ्यावर सदैव चालू राहणारें एक लहान यंत्र हवें. कांहीं राउटरांत वायरगार्डची सोय असतेच, नसल्यास रास्पबेरी पाय यासारखा हाताच्या पंजाएवढा संगणक पुरतो. त्यावर किल्ल्यांची एक जोडी तयार होते, एक गुप्त व एक उघड. मोबाईलवरहि तशीच एक जोडी तयार होते. उघड किल्ल्यांची अदलाबदल करावयाची. गुप्त किल्ली ज्या यंत्रावर जन्मली तेथून हलवूं नये. मुलाचा मोबाईल, आपला मोबाईल, घरचा संगणक, प्रत्येकास निराळी जोडी द्यावी. बाजारांत मोबाईल हरवला तर त्या एकाच किल्लीची नोंद खोडली कीं झालें. बाकीच्यांस हात लावावा लागत नाहीं. राउटरवर आधींचीं उघडलेलीं सर्व दारें बंद करून वायरगार्डचें एकच दार उघडावें. त्यासाठीं रूढ क्रमांक ५१८२० आहे. कंपनीनें दिलेला पत्ता अधूनमधून बदलतो, म्हणून पत्त्याऐवजीं एक नांव घेऊन त्यास नवा पत्ता आपोआप जोडला जाईल अशी सेवा घ्यावी. बहुतेक राउटरांत ती सोय असते.

येथें एक खोडी सांगून ठेवतों, कारण तिच्या पायीं माझे तीन दिवस फुकट गेले. मळ्यावरचा व तालुक्याच्या घरचा राउटर एकाच जातीचा होता आणि दोहोंकडे आंतील पत्ते १९२.१६८.१ नेंच सुरू होत होते. भुयार झालें, पण मोबाईल घरच्याच जाळ्यांत कॅमेरा शोधीत बसला! मळ्यावरील तिसरा आंकडा बदलून ५७ केला तेव्हां काम झालें. दोन गांवांत एकाच नांवाचे दोन वाडे असले म्हणजे टपालवाल्याचें जें होतें तेंच हें.

आतां दुसरी अडचण, आणि मळ्यावर ती फार वेळां येते. जेथें तार पोंचत नाहीं तेथें आपण सिमकार्डाचा राउटर लावतों. मोबाईल कंपन्या बहुधा शेंकडों गिऱ्हाइकांस मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. अशा ठिकाणीं आपल्या राउटरवर कितीहि दारें उघडलीं तरी बाहेरून कोणी येऊंच शकत नाहीं, कारण आपल्या देवडीपुढें कंपनीची आणखी एक देवडी असते. हें ओळखण्याची खूण सोपी आहे. राउटरच्या पानावर बाहेरचा म्हणून जो पत्ता दिसतो तो १० नें सुरू होत असेल, किंवा पहिला आंकडा १०० व दुसरा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर आपला पत्ता सामाईक आहे असें समजावें. अशा वेळीं कारागीर "दार उघडून देतों" म्हणून पैसे मागूं लागला तर देऊं नयेत.

सामाईक पत्त्यावर उपाय असा कीं, मळ्यावरील यंत्रानेंच बाहेर जाऊन वाट धरून बसावें. आंतून बाहेर जाण्यास कोणतीच देवडी अडवीत नाहीं. टेलस्केलसारख्या सेवा याच तत्त्वावर चालतात: मळ्यावरचें यंत्र व आपला मोबाईल, दोघेहि त्यांच्या मध्यस्थाकडे जातात, मध्यस्थ दोघांची ओळख करून देतो, आणि मग वायरगार्डचेंच भुयार दोघांमध्यें बांधलें जातें. गुप्त किल्ल्या आपल्याच यंत्रांवर राहतात, म्हणून मधल्यास मजकूर वाचतां येत नाहीं. मात्र त्या सेवेचें खातें हीच आतां मुख्य किल्ली झाली. त्यास दुहेरी पडताळणी लावल्याखेरीज राहूं नये. ज्यांस परक्या मध्यस्थावर विसंबावयाचें नाहीं त्यांनीं इंटरनेटवर एक लहान सर्व्हर भाड्यानें घेऊन तेथें स्वतःचें वायरगार्ड बसवावें. मळ्याच्या यंत्रानें दर २५ सेकंदांनीं एक लहानसा निरोप धाडला म्हणजे वाट मिटत नाहीं.

कॅमेऱ्याच्या कंपनीचें जें ॲप मिळतें तेंहि बहुधा याच रीतीनें चालतें. कॅमेरा स्वतः कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. यांत दार उघडावें लागत नाहीं, हा त्याचा गुण. आपलीं चित्रें कोणाच्या हातून जातात याचा भरंवसा कंपनीवर, हा त्याचा दोष. खळ्याच्या रस्त्यावरील कॅमेऱ्यास तें चालेल, असें माझें मत आहे. घराच्या अंगणास व पंपास मी तें लावणार नाहीं. कॅमेरा नवीनच घ्यावयाचा असेल तर केंद्र सरकारनें २०२४ मध्यें सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठीं सुरक्षिततेच्या ज्या अटी घातल्या, त्यांस तो उतरला आहे काय, हें दुकानदारास विचारावें.

राउटरवर आणखी दोनतीन गोष्टी पाहावयाच्या. 'यूपीएनपी' म्हणून एक सोय असते. तिच्यामुळें आंतील कोणतेंहि यंत्र पहारेकऱ्यास परस्पर सांगून दार उघडवूं शकतें. ती बंद करावी. राउटर बाहेरून हाताळण्याची सोय असते, तीहि बंद करावी, व राउटरचा स्वतःचा पासवर्ड बदलावा. कॅमेरे, जमल्यास, पाहुण्यांसाठीं असणाऱ्या निराळ्या जाळ्यांत ठेवावेत, म्हणजे एखादा कॅमेरा फितला तरी हिशेबाचा व बँकेचा संगणक त्याच्या हातीं लागत नाहीं. मात्र वायरगार्डचें यंत्र तेथपर्यंत पोंचेल असें पाहावें. सर्व झाल्यावर परीक्षा घ्यावी. मोबाईलचें वायफाय बंद करून, सिमच्या इंटरनेटवर, भुयार न जोडतां कॅमेरा उघडून पाहावा. तो उघडतां कामा नये. भुयार जोडल्यावर उघडला पाहिजे. पहिली परीक्षा पुष्कळ लोक घेतच नाहींत. चित्र दिसलें कीं कारागीराचे पैसे देऊन मोकळे होतात.

पंपाची गोष्ट निराळी, कारण येथें चुकीनें चित्र नव्हे तर चाक फिरतें. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया संस्थानांत ॲलिक्विपा म्हणून गांव आहे. तेथील पाणीपुरवठ्याच्या एका उपकेंद्रांत पाण्याचा दाब संभाळणारें नियंत्रक यंत्र इंटरनेटवर उघडें होतें. सन २०२३ च्या नोव्हेंबरांत दूरच्या देशांतील वैराच्या पायीं परक्यांनीं तें ताब्यांत घेतलें. त्या गांवाचा त्या वैराशीं कांहीं संबंध नव्हता. यंत्र इस्रायली बनावटीचें होतें, एवढेंच निमित्त. त्या जातीच्या यंत्रांचा कारखान्यांतील पासवर्ड चार एके असा होता, हें पुढें तेथील सरकारी सूचनेंत प्रसिद्ध झालें. गजर झाला, नोकरांनीं यंत्र तोडून हातानें काम चालविलें, व गांवचें पाणी तुटलें नाहीं. तें वांचलें याचें कारण हातानें चालविण्याची सोय त्यांनीं काढून टाकली नव्हती.

आपल्या विहिरीवर याचा अर्थ असा कीं, मोबाईलचा हुकूम हा शेवटचा हुकूम नसावा. पाणी आटल्यास मोटार बंद पडणें, एक फेज गेल्यास बंद पडणें, जादा भार आल्यास तुटणें, हीं कामें विहिरीवरील पॅनेलनें स्वतःच केलीं पाहिजेत. इंटरनेट असो वा नसो. दुरून चालू केलेली मोटार ठराविक वेळानें आपोआप थांबावी असा वेळेचा बंद घालावा, म्हणजे चालू करून रेंज गेली तरी पाणी बांध फोडून वाहणार नाहीं. ज्यांच्या फीडरला अजून रात्रीची पाळी येते त्यांस याचें महत्त्व सांगणें नको.

आणि एक गोष्ट मीं मुद्दाम शेवटीं ठेविली. मोटार उतरविण्यास किंवा फूट व्हॉल्व्ह काढण्यास मनुष्य विहिरींत उतरला असतां, तालुक्याच्या गांवीं बसलेल्या मुलानें पंप चालू केला तर? तो चोर नव्हे, त्याच्याजवळ खरी किल्ली आहे, आणि वायरगार्ड त्यास अडविणार नाहीं. म्हणून स्टार्टरच्या आधीं कुलूप लावतां येईल असा मुख्य स्विच मीं बसविला आहे. त्याची किल्ली एकच आहे. विहिरींत जो उतरतो तो स्विच पाडून, कुलूप घालून, ती किल्ली आपल्या खिशांत घेऊन उतरतो. वर उभ्या असणाराजवळहि ती देत नाहीं. विहिरीवरचा कॅमेरा आतां मोटारीच्या खोलीच्या दाराकडे व त्या स्विचकडे वळविलेला आहे. हौद त्यांत येत नाहीं.